संक्रांतीनंतरच्या रविवारचा वाढदिवस

आंबिवलीच्या पलीकडे मी ज्या वृद्धाश्रमात जाते, तिथे अर्ध्या म्हाताऱ्या एक जूनला जन्मल्यात आणि अर्ध्या एक जानेवारीला. ज्यांच्या नशिबी शाळा आली त्यांची तारीख मास्तरांनी टाकली. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा पोर जूनमध्येच जन्मलेलं बरं, म्हणजे वयाचा घोळ नको. ज्यांनी शाळेची पायरी पाहिली नाही त्यांना आधार कार्ड काढताना समोरच्या पोराने विचारलं, "जन्मतारीख?" आणि "काय ठाऊक बाबा" म्हटल्यावर त्याने ठोकून दिलं, एक जानेवारी. मी स्वतः एक जूनची. माझी आई सांगायची, तुझ्या वेळी विहीर आटली होती. याच्यापलीकडे तिला काही आठवत नसे.

यात बिघडलं कुठे, तर लोकांना दानधर्म वाढदिवसाला सुचतो. वाढदिवसाला आणि श्राद्धाला. श्राद्धाची माणसं तिथी धरून येतात, खीरपुरी वाढतात, हात जोडतात आणि जातात. वाढदिवसाची माणसं रविवारी येतात आणि दारातच विचारतात, "आज कोणाचा बर्थडे आहे का?" नाही म्हटलं की त्यांचे चेहरे उतरतात. केक कोणापुढे ठेवायचा, टोपी कोणाला घालायची, फोटो कोणाचा काढायचा? एक जानेवारीला ही मंडळी अलिबागला गेलेली असतात नाहीतर झोपलेली असतात. एक जूनला सगळ्यांचा जीव वह्या-पुस्तकांत आणि रेनकोटात. म्हणजे आमच्या बायका वर्षातून दोनदाच, तेही अगदी नको त्या दिवशी जन्मायच्या.

शेवटी मॅडमनी, म्हणजे आश्रम चालवणाऱ्या बाईंनी, यावर तोड काढली. भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं, जेवणाच्या खोलीत बसल्या आणि वाढदिवस वाटून टाकले. तुम्हाला गुढीपाडव्याच्या आदला रविवार, तुम्हाला श्रावणातला दुसरा, तुम्हाला दसऱ्यानंतरचा. प्रसाद वाटावा तसे. एकीने कुरकुर केली की श्रावणात माझा उपास असतो, केक कसा खाऊ, तर तिला बदलून दिला. मी भिंतीला टेकून बघत होते. मॅडम माझ्याकडे वळून हसत म्हणाल्या, "तुम्हाला कुठला देऊ?"

"मला नको," मी म्हटलं, "मी इथे हात लावायला येते, राहायला नाही."

माझी जीभ अशीच आहे. खोपटच्या एसटी डेपोत उभं आयुष्य चौकशीच्या खिडकीत बसून काढलं, त्याचा हा परिणाम. "मॅडम, गाडी कधी येईल?" या प्रश्नाला गोड उत्तर देता देता माणूस आतून तिखट होतो. लग्न केलं नाही. डोंबिवलीत एका खोलीत मी आणि आई राहायचो. ती गेल्यावर तिचा वॉकर आणि पाण्याची गादी कोणाच्या तरी उपयोगी पडावी म्हणून रिक्षात घालून इथे आणली. वस्तू ठेवून निघणार होते. दारात इथली मावशी एका जाड्या म्हातारीला उठवायचा प्रयत्न करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, आल्याच आहात तर ह्यांचा हा हात धरा जरा." तो हात धरला तो धरलाच.

मावशीबद्दल सांगायलाच हवं. कल्याणच्या चाळीत तिचं घर आहे, पण ती आश्रमातच जास्त असते. उठवणं, पुसणं, भरवणं, हागवणं-मुतवणं, आणि एवढं करून वर तोंडाचा पट्टा. मोठे लोक येऊन म्हाताऱ्यांचे पाय ताम्हनात धुतात, फुलं वाहतात, डोळे पुसतात. ते गेले की मावशी म्हणते, "पाय काय, रोजच धुते मी. वरचं कोणी धुवायला येईल तर सांगा." मॅडम तिला दटावतात. दात्यांबद्दल असं बोलायचं नाही. आणि त्यांच्यापुढे रडगाणंही गायचं नाही. "इथून रडून गेलेला माणूस परत येत नाही," हे मॅडमचं ठरलेलं वाक्य. माणसं परत आली नाहीत तर चूल पेटत नाही, हे त्यांच्याइतकं आम्हा दोघींना कळत नसे असं नाही, पण सोसायचं त्यांना जास्त होतं.

संक्रांतीनंतरचा रविवार ज्या आजीच्या वाट्याला आला तिची गोष्ट मला सांगायची आहे. ती ठाण्याच्या खाडीकाठची, मिठागरात राबलेली. ऊन आणि मीठ खाऊन कातडी चामड्यासारखी झालेली, डोळ्यांवर साऱ्याचा पडदा आलेला, उजेड-अंधार तेवढा कळायचा. मूलबाळ नाही. पुतण्याने एक दिवस आणून सोडलं. तिच्या बोलण्यात ळ नव्हताच, सगळा ल, आणि ड चा र. मला ती "चौकशीवाली" म्हणायची. "चौकशीवाली, च्या झाली का बघ." मी वैतागले की हसायची. सगळ्यांत जास्त तिनेच मला छळलं आणि सगळ्यांत जास्त मला तीच आवडायची. झालं.

त्या रविवारी घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीतली मुलं-मुली येत. त्यांच्यात एक पोरगी होती, बारीकशी, कायम घाईत, "हाय आजी!" करत आत शिरणारी. तिने या आजीला आपली आजीच करून टाकलं. पहिल्या वर्षी केक आणला, दुसऱ्या वर्षीपासून कंपनीच्या खर्चाने टेम्पो. वर्षाला पुरतील इतके तांदूळ, डाळ, तेल आणि सगळ्यांत महाग पडणारे ते मोठ्यांचे डायपर. टेम्पो दर वर्षी उशिरा यायचा. ती पोरगी फोन करायची, "काकू, टेम्पो शीळफाट्याला अडकलाय!" मग आजी चांदीच्या कागदाचा मुकुट घालून खुर्चीत बसून राहायची, आणि टेम्पो येईपर्यंत केक कापू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं, हौस आहे म्हातारीला.

त्या पोरीने मला पहिल्याच वर्षी आजी म्हटलं होतं. मी तिथल्या तिथे झापलं. "मी इथली आजी नाही. काकू म्हण." मला लेकरं नाहीत, नातवंडं कुठून असणार! कोणी आजी म्हटलं की डोक्यात तिडीकच जाते.

यंदा दिवाळीतच मॅडमना कंपनीतून फोन आला. वरच्या साहेबांनी म्हणे या वर्षी मदतीच्या यादीतून म्हातारे काढून शाळा घेतल्यात. अगदी गोड बोलून सांगितलं. मॅडमनी "काही हरकत नाही, आपले आभारी आहोत" म्हटलं, फोन ठेवला आणि कोठीच्या खोलीत जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. आजीला कोणी काही सांगितलं नाही.

मार्गशीर्षात आजीने अन्न सोडलं. चहात बुडवलेलं बिस्किट तेवढं चोखायची. कल्याणहून आमचे डॉक्टर येतात, फी घेत नाहीत. त्यांनी तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "आता औषधाचं काम नाही. जवळचं कोणी असेल तर कळवा." पुतण्याला कळवलं. तो म्हणाला, "बघतो."

पण आजी जाईना. अंगात काही उरलं नव्हतं, कूस बदलली तरी कळवळायची, पाठीला जखमा झालेल्या. आणि शुद्धीवर आली की एकच, "सक्रात कवा हाय?"

"आहे अजून," आम्ही म्हणायचो.

"मंग ऱ्हाते," ती म्हणायची आणि डोळे मिटायची. हाल बघवत नव्हते. मावशी म्हणाली, "जीव अडकलाय हिचा. त्या पोरीत अडकलाय."

मी त्या पोरीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली की कंपनीचं तिच्या हातात नाही, कामही घरूनच चालतं, सगळे चार दिशांना पांगलेत. "मी बघते, काकू."

"बघते म्हणजे काय गं?" माझा आवाज चढला. "जन्मभर त्या खिडकीत बसून मी लोकांना 'बघते' म्हणत आलेय. त्याचा अर्थ मला नको शिकवूस."

तिने फोन ठेवला. नंतर तिचा फोन नाही, मेसेज नाही.

मग एका सकाळी जखमा पुसताना मावशी एकदम थांबली. म्हणाली, "तारीख आपणच दिलेली ना हिला? मग अलीकडे घ्या की."

मॅडम म्हणाल्या, "गाडी आहे का ती, अलीकडे घ्यायला?"

"अलीकडे आलेली गाडी मी तरी पाहिली नाही," मी म्हटलं, "पण घ्या. कशासाठी तडफडवायचं तिला?"

आणि आम्ही संक्रांत अलीकडे आणली. मंगळवार होता, दुपार. मावशीने तीळ भाजले, गुळाचा पाक केला, घरभर वास सुटला. मी स्टेशनजवळच्या बेकरीतून छोटा केक आणला. कपाटातून गेल्या वर्षीचा मुकुट काढला, चेपला होता, तो सरळ केला. बाकीच्या बायकांना ताकीद दिली की गप्प बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. पोरगी मी व्हायचं ठरलं. आजीला दिसत नव्हतंच. मी मोरीत उभी राहून "हाय आजी" म्हणून बघितलं. मावशी तोंडात पदर कोंबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"आजी, संक्रांत झाली बरं का," मॅडम म्हणाल्या, "आज तुमचा रविवार."

आजीने डोळे उघडले. तिळाचा वास घेतला. मी तिच्या कानाशी वाकले आणि जमेल तेवढ्या पातळ आवाजात म्हटलं, "हाय आजी!"

तिने माझा हात धरला. आणि पहिला प्रश्न विचारला तो, "टेंपो आला?"

टेम्पोचा विचार आम्ही केलाच नव्हता.

"आला," मावशी म्हणाली.

"शीलफाट्याला नाय ना अरकला?"

"नाही आजी, आला, उतरवतायत सामान."

"मना आयकाला नाय येत," आजी म्हणाली.

मावशी तशीच पळाली कोठीत. क्षणभराने आवाज आला, पोतं फरशीवरून ओढल्याचा. धप्प. मग दुसरं. त्यातलं एक अर्धं रिकामं होतं, एकात नुसते जुने कपडे कोंबले होते, हे मला माहीत होतं. मग तेलाचा रिकामा डबा आपटला. मावशी तिकडूनच कोणावरतरी ओरडत होती, "अरे हळू, भिंतीला लागेल!" तिथे चिटपाखरू नव्हतं. आजी कान देऊन ऐकत होती. प्रत्येक धप्पला मान हलवत होती.

"ती कापसाची लंगोटं पन आनली?"

"आणली, आजी."

तिने माझ्या हातावरून आपला खरखरीत अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "तू चौकशीवाली ना गो?"

"हो," मी माझ्याच आवाजात म्हटलं.

"पोरी नाय आली, चालंल. तिला काम असंल. सामान धारलं ना तिने, झालं." धाप लागली म्हणून थांबली. मग म्हणाली, "माजा कसला गो वाढदीस सक्रातीला! माजी आयस सांगं, पानी यायच्या आंगुदर मिठाच्या राशी झाकत व्हते, तवा मी जल्मली. तुमी सांगितलं म्हनून मी दर साली सक्रातीला जल्मते. पोरींना बरं वाटतं. तुमचा कोठा भरतं. मी गेली आसती त कोन आलं आसतं टेंपो घेवन?"

मॅडमनी तोंड फिरवलं. मावशी दारात आली होती, हाताला पोत्याची धूळ, तिने ऐकलं.

"आता आलं सामान," आजी म्हणाली. "आता मी मोकली."

केक तिला गिळता आला नाही. ओठांना क्रीम लावलं, तेवढं तिने चाटलं. मुकुट घालूनच झोपली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मावशी उठवायला गेली तेव्हा ती गेलेली होती.

पुतण्या फोनवर म्हणाला, "मी बाहेरगावी आहे, तुम्ही उरकून घ्या." आम्ही उरकून घेतलं. स्मशानातून परत येताना गाडीत मावशी एकसारखी स्वतःच्या हातांकडे बघत होती. "बाई, पोती मी ओढली," ती म्हणाली. "मी पोती ओढली नसती तर ती राहिली असती."

"कशाला राहायचं होतं तिने? कुजत?" मी खेकसले. पण मला रडू आवरेना. राग येत होता आणि तो कोणावर काढू ते कळत नव्हतं. आम्ही समजत होतो आम्ही तिला पोसतोय.

खरी संक्रांत आली आणि गेली. त्या पोरीला कळवायचं कोणी, यावर मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे थोडे दिवस. येणार तर नाहीच ती." कोठीत धान्य तळाला गेलं होतं. सकाळची पोळी बंद होऊन रोज खिचडी सुरू झाली. डायपरऐवजी मावशी जुन्या साड्या फाडायला लागली.

त्या रविवारी मी गेले, कारण घरी बसवेना. आजीच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. दुपारी माझा फोन वाजला.

"काकू, टेम्पो शीळफाट्याला अडकलाय!" तीच पोरगी, तोच आवाज, मागे हॉर्न. "आजीला सांगा हां, केक नको कापू म्हणावं, आलोच आम्ही!"

मी "हं" म्हटलं. तेवढ्यात तिने फोन ठेवलासुद्धा.

ते आले. कंपनीचं काही नव्हतं. त्या पोरीने स्वतःच्या मैत्रिणी, बिल्डिंगमधले लोक, कोण कोण गाठून सगळं जमवलं होतं, आणि आम्हाला चकित करायचं म्हणून सांगितलं नव्हतं. "हाय आजी!" करत ती आत पळत गेली आणि गुंडाळलेल्या गादीपुढे उभी राहिली. मी तिला सांगितलं. सरळ सांगितलं, मला दुसऱ्या तऱ्हेने सांगता येत नाही. ती खाली बसली आणि हमसून रडायला लागली. "का नाही सांगितलंत काकू? मी आलेच असते ना!" तिच्या मैत्रिणी केकचा खोका हातात धरून उभ्या. केकवर आजीचं नाव. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला आणि आत डोकावून विचारलं, "मॅडम, माल उतारना है या वापस लेके जाना है?"

"आज नको ना काही करूया," एक मुलगी हळूच म्हणाली. "बरं नाही वाटत." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला ऐकू आल्यासारखं कळलं. रडून गेलेला माणूस परत येत नाही.

मॅडम बायकांकडे वळल्या. "आज कोण बसेल खुर्चीत? तुम्ही बसता?"

"नको गं बाई," एक म्हणाली. "मेलेल्या बाईचा दिवस तो." दुसरीने भिंतीकडे तोंड केलं. तिसरी तर जागेवरून उठूनच गेली.

मी खुर्चीत जाऊन बसले.

"काकू?" ती पोरगी डोळे पुसत बघायला लागली.

"माझाही आजच असतो," मी म्हटलं. "आजीच्या पुढे बोलले नाही कधी. सामान उतरवा आधी, मग केक."

मॅडम कपाटाकडे गेल्या. मुकुट आजीबरोबर गेला होता, म्हणून कागद घेऊन नवा वळायला बसल्या. मावशीने चमचा आणला आणि केकवरचं नाव सपाट केलं, हळूहळू, एकेक अक्षर. मग बाहेर पोती उतरायला लागली. धप्प. धप्प. भरलेल्या पोत्याचा आवाज त्या दिवशीच्या आवाजासारखाच होता, जराही वेगळा नव्हता. मावशीचा चमचा मध्येच थांबला, मग परत चालू झाला.

मी केक कापला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आधी एकीने, मग सगळ्यांनी. ती पोरगी पुढे आली, नाक लाल, डोळे सुजलेले, आणि तिने माझ्या तोंडात पहिला घास घातला.

"हॅपी बर्थडे, आजी," ती म्हणाली. चुकून म्हणाली, की मुद्दाम, मला कळलं नाही. मी तिला टोकलं नाही.

"पुढच्या वर्षी पण येणार हां आम्ही."

"या," मी म्हटलं. "मी आहे."